कुलूप आणि कोयंडा



चौतीस वर्षें मीं शाळेंत मुलांना किल्ल्यांचा इतिहास सांगितला. आजही किल्ल्यांचाच इतिहास सांगणार आहें. फरक इतकाच कीं, शाळेंत सांगितला तो किल्ला या शब्दाच्या अनेकवचनाचा होता आणि आजचा किल्ली या शब्दाच्या अनेकवचनाचा आहे. रायगड-प्रतापगड सोडून कुलूप-किल्लीसारख्या क्षुद्र वस्तूकडे मीं कां वळावें, असें कोणी विचारील. त्याचें कारण माझ्या घरींच झालेल्या एका चोरींत आहे, आणि तें प्रथम सांगितल्यावांचून पुढचें बोलणें नीट लागणार नाहीं.

आमचें घर साताऱ्यास. घराच्या मागील अंगास पूर्वीं गुरांचा गोठा होता. गुरें गेलीं, गोठा राहिला. आणि माझ्या पुतण्यानें कर्ज काढून मोटारसायकल घेतली तेव्हां त्याच गोठ्याला पत्र्याचें दार बसवून आम्हीं त्याचें गॅरेज केलें. दारासाठीं भक्कम कुलूप मीं स्वतः बाजारांत जाऊन, दोन दुकानें हिंडून आणलें. २००९ सालच्या श्रावणांत, एका पावसाच्या रात्रीं, ती गाडी गेली. सकाळीं पाहतों तों दार सताड उघडें, गाडीच्या जागीं तेलाचा एक काळा डाग, आणि कुलूप जमिनीवर पडलेलें. मौज अशी कीं, कुलूप बंदच होतें. त्याला ओरखडासुद्धां नव्हता. चोरानें त्याला हातच लावला नव्हता. ज्या चार स्क्रूंनीं कोयंडा चौकटीला बसविला होता, ते चार स्क्रू त्यानें शांतपणें फिरवून काढले होते. कुलुपाला मीं चांगले पैसे मोजले होते. स्क्रू मात्र घरांतल्या डब्यांतले, जुने, आंखूड असे वापरले होते.

तें बंद कुलूप अद्याप माझ्या मेजावर आहे. त्याच्याकडे पाहतां पाहतां मला या विषयाचा नाद लागला. ग्रंथालयांतून जें मिळालें तें वाचलें, कांहीं जुनीं कुलुपें जमविलीं, दोन-तीन कारागिरांपाशीं बसून त्यांचीं अंतरंगें उघडून पाहिलीं. त्यांतून जें समजलें त्यांतील थोडेंसें आज आपणांपुढें ठेवतों.

प्रथम शब्दांकडेच पाहूं. आपल्या भाषेनें या वस्तूचा अर्धा इतिहास आपल्या पोटांत सांठवून ठेविला आहे. दाराला आंतून घालावयाची आगळ ही संस्कृत अर्गला. टाळें हा शब्दही संस्कृत तालकाच्या घराण्यांतला. कुलूप हा मूळचा अरबी कुफ्ल. आपल्या जिभेवर येतां येतां त्याचें कुलूप झालें आणि आतां तो परका होता हें कोणास आठवत नाहीं. चावी ही पोर्तुगीजांची देणगी. आणि लॅच हा अलीकडच्या सदनिकांबरोबर आलेला इंग्रज पाहुणा. अशा रीतीनें ज्या ज्या लोकांशीं महाराष्ट्राचा संबंध आला, त्यांतील बहुतेकांनीं आपल्या दारावर आपली एकेक खूण ठेविली. टाळें हा शब्द पुढें दारावरून उतरून गिरण्यांच्या फाटकावर गेला, आणि २०२० सालीं सारा देश घरांत कोंडला गेला तेव्हां त्या प्रकारालाही आपण टाळेबंदी हेंच नांव दिलें.

या शब्दांत आगळ सर्वांत जुनी. परंतु तिच्यांत एक मोठी उणीव आहे. आगळ घालावयास मनुष्य आंत असावा लागतो. जुन्या वाड्यांच्या थोरल्या दरवाजांना भिंतींत सरकणारा लांकडी अडसर असे. रात्रीं तो ओढला म्हणजे दहा माणसांनीं धक्के दिले तरी दरवाजा हलत नसे. पण हा अडसर ओढावयास आंत एक तरी माणूस हवाच. घरचीं सर्वच माणसें शेतावर किंवा यात्रेला गेलीं तर दार कोणी राखावें? या एका अडचणींतून कुलूप जन्मास आलें. कुलूप म्हणजे बाहेरून घालतां येणारी आगळ, आणि किल्ली म्हणजे ती आगळ काढण्याचा अधिकार, जो कमरेला खोंवून परगांवीं नेतां येतो.

ही युक्ति फार प्राचीन आहे. हल्लींच्या इराकमध्यें खोर्साबाद म्हणून एक गांव आहे. तेथें असुरांचा राजा दुसरा सार्गन यानें ख्रिस्तपूर्व आठव्या शतकांत राजधानी वसविली होती. एकोणिसाव्या शतकांत तेथें उत्खनन झालें तेव्हां राजवाड्याच्या अवशेषांत लांकडी कुलुपाचा नमुना सांपडला. तशाच जातीचीं कुलुपें ईजिप्तमध्येंही वापरांत होतीं. त्यांची रचना अगदीं सोपी आहे. दाराच्या आडव्या दांडीला वरच्या अंगास भोंकें पाडलेलीं असतात, आणि त्यांच्या वर बसविलेल्या ठोकळ्यांतून लांकडाच्या लहान खुंट्या आपल्याच भारानें त्या भोंकांत पडतात. खुंट्या पडल्या कीं दांडी अडकली. किल्ली म्हणजे दांत घासण्याच्या ब्रशासारखी एक लांकडी पट्टी. तिच्यावर भोंकांच्या जागीं नेमके दांते असतात. ती आंत घालून वर उचलली म्हणजे खुंट्या वर जातात आणि दांडी सरकते. मोठ्या दरवाजाची किल्ली इतकी लांब असे कीं ती खांद्यावर टाकून न्यावी लागे. ही लांकडी पट्टी ध्यानांत ठेवावी; ती अडीच हजार वर्षांनंतर पुन्हा आपल्याला भेटणार आहे.

रोमन लोकांनीं लांकडाच्या जागीं लोखंड व कांसें आणलें. किल्ली लहान झाली, इतकी कीं ती अंगठींत बसवून बोटांत घालतां येऊं लागली. कुलुपाच्या पोटांत त्यांनीं आडवे पडदे बसविले. ज्या किल्लीला त्या पडद्यांच्या जागीं खांचा आहेत तीच आंत फिरावी, अशी योजना. युरोपांत पुढें कित्येक शतकें हीच रीत चालली. कुलुपें दिसावयास सुंदर होत गेलीं, त्यांवर फुलें-वेली आल्या. पण चोरांच्या लवकरच ध्यानांत आलें कीं, किल्लीचा सर्व भाग घांसून टाकला आणि फक्त शेंडा ठेवला तर ती एकच किल्ली पुष्कळ कुलुपांना चालते. पडदे कितीही नक्षीदार असोत, जें मुळीं त्यांना शिवतच नाहीं त्याला ते अडविणार कसे?

आतां आपल्याकडे वळूं. शूद्रकाच्या मृच्छकटिकांतील शर्विलक आपणांस आठवत असेल. देवलांच्या संगीत नाटकामुळें तो मराठी घरांत चांगलाच परिचयाचा झाला आहे. हा ब्राह्मण चोर चारुदत्ताच्या घरांत शिरतो तो दाराकडे न जातां भिंत फोडून शिरतो. भोंक कोणत्या आकाराचें पाडावें, कमळाचें, सूर्याचें, चंद्रकोरीचें कीं स्वस्तिकाचें, याचा तो शास्त्रीबोवांसारखा ऊहापोह करतो आणि पक्क्या विटांच्या भिंतीला पूर्णकुंभाचा आकार शोभेल असा निर्णय घेतो. मापाची दोरी विसरला म्हणून गळ्यांतील जानव्यानें माप घेतो. आंत गेल्यावर दार करकरूं नये म्हणून त्यावर पाणी शिंपडतो. हा सर्व प्रकार विनोदाचा खरा. पण त्यांत गृहस्थाला एक धडा आहे. आपल्या भाषेंत अशा गुन्ह्याला घरफोडी म्हणतात, कुलूपफोडी म्हणत नाहींत. आपल्या पूर्वजांच्या अनुभवाला चोर भिंतींतून येणारा होता. माझ्या घरीं तो कोयंड्यांतून आला, एवढाच काय तो भेद.

कुलुपाच्या विद्येला खरी गति मिळाली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत. १७७८ सालीं रॉबर्ट बॅरन यानें लिव्हरचें कुलूप केलें. पूर्वींच्या खुंट्या नुसत्या वर उचलल्या कीं काम होई. बॅरनच्या लिव्हरी नेमक्या एकाच उंचीपर्यंत उचलाव्या लागत. कमी उचलली तरी अडते, अधिक उचलली तरी अडते. त्यानंतर १७८४ सालीं जोसेफ ब्रामा यानें नळीच्या आकाराच्या किल्लीचें अगदीं निराळें कुलूप काढलें. हाच तो ब्रामा, ज्यानें पुढें पाण्याच्या दाबाचें यंत्र शोधलें. त्याला आपल्या कुलुपाचा इतका भरंवसा होता कीं, लंडनमधील पिकॅडिली रस्त्यावरच्या दुकानाच्या खिडकींत १७९० च्या सुमारास एक कुलूप टांगून त्यावर जाहीर आव्हान लिहिलें गेलें: हें कुलूप किल्लीवांचून उघडण्याचें हत्यार जो करील त्याला दोनशें गिनी बक्षीस.

तिकडे १८१७ सालीं पोर्टस्मथच्या सरकारी गोदींत खोट्या किल्ल्यांनीं चोरी झाली. सरकारनें स्वतःच्या किल्लीखेरीज उघडणार नाहीं असें कुलूप करणाराला शंभर पौंडांचें बक्षीस जाहीर केलें. जेरेमाया चब या कारागिरानें १८१८ सालीं तें मिळविलें. त्याच्या कुलुपाचा गुण असा कीं, कोणी भलत्या किल्लीनें चाळा केला तर एक लिव्हर प्रमाणाबाहेर उचलली जाऊन अडकून बसे, आणि धन्यानें पुढच्या वेळीं आपली किल्ली लावली कीं त्याला कळे, कोणीतरी येऊन गेलें. त्या बंदरांत कैद्यांच्या गलबतावर एक कैदी होता, जो पूर्वीं कुलुपें करण्याचाच धंदा करी. हें कुलूप उघडलेंस तर तुला माफी, असें त्याला सांगण्यांत आलें. बिचाऱ्यानें दोन-तीन महिने खटपट केली आणि अखेर हात टेकले.

अशा रीतीनें इंग्लंडांतील घरंदाज लोक निर्धास्तपणें झोंपूं लागले. ही झोंप १८५१ सालीं मोडली. त्या वर्षीं लंडनमध्यें हाइड पार्कांत मोठें जागतिक प्रदर्शन भरलें होतें. अमेरिकेहून आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज नांवाचा एक कुलूपवाला तेथें आला. त्यानें लंडनमधील एका घराच्या दारावरचें चबचें कुलूप पंचांसमक्ष पंचवीस मिनिटांत उघडून दाखविलें. नंतर त्यानें ब्रामाच्या खिडकींतील त्या साठ वर्षांच्या आव्हानाला हात घातला. सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास तो त्या कुलुपाशीं बसला आणि शेवटीं तें उघडलें. ब्रामा पूर्वींच, १८१४ सालीं, वारला होता. त्याच्या वारसांनीं पुष्कळ तक्रार केली. पण पंचांचा निकाल हॉब्जच्या बाजूनें झाला आणि दोनशें गिनी त्याला मोजाव्या लागल्या.

यापुढें जो वाद माजला तो माझ्या मतें कुलुपाहूनही महत्त्वाचा आहे. पुष्कळ प्रतिष्ठित लोक म्हणूं लागले, या मनुष्यानें समाजाचा घात केला. कुलुपांतील व्यंग चारचौघांत सांगणें म्हणजे चोरांची शाळा काढणें होय. हॉब्जचें व त्याच्या बाजूच्या लोकांचें उत्तर १८५३ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालें. त्याचा मथितार्थ असा: चोर आपल्या धंद्यांत हुशार असतात, आपण त्यांना शिकवावें असें फारसें उरलेलें नसतें. व्यंग लपविल्यानें अंधारांत राहतो तो सरळ गृहस्थ. ज्याला तें कळावयास पाहिजे त्यालाच तें कळत नाहीं. हा युक्तिवाद मीं पहिल्यानें वाचला तेव्हां मला माझे ते चार स्क्रू आठवले, आणि त्याहून निराळेंही कांहीं आठवलें. तें शेवटीं सांगेन.

मघां ध्यानांत ठेवावयास सांगितलेली लांकडी पट्टी आतां परत येते. अमेरिकेंत लायनस येल या पितापुत्रांनीं ईजिप्तच्या त्या खुंट्यांचें तत्त्वच पुन्हा उचललें. पित्यानें १८४८ सालीं आणि पुत्रानें १८६१ व १८६५ सालीं त्याचे हक्क नोंदविले. लांकडी खुंट्यांच्या जागीं पितळेच्या दुहेरी पिना, त्यांच्यावर लहान स्प्रिंगा, आणि किल्ली म्हणजे एका कडेला करवतीसारखे दांते असलेली चपटी पट्टी. आज आपल्या खिशांत जी फ्लॅटची किल्ली असते ती बहुधा या येलच्याच वंशांतली. म्हणजे असुर राजांच्या द्वारपालानें खांद्यावर घेतलेल्या पट्टीची ती पणती होय.

आपल्या देशांत अलीगढ व दिंडीगल हीं दोन नगरें कुलुपांसाठीं प्रसिद्धीस आलीं. दिंडीगलच्या हातकामाच्या कुलुपांना २०१९ सालीं भौगोलिक निर्देशांकाचा मानही मिळाला. मुंबईंत हें काम अर्देशिर गोदरेज यांनीं आरंभिलें. हे व्यवसायानें वकील. वकिली सोडून त्यांनीं शस्त्रक्रियेचीं हत्यारें करण्याचा उद्योग केला, तो जमला नाहीं. पुढें मुंबईंत घरफोड्या वाढल्याची बातमी वर्तमानपत्रांत वाचून त्यांना कुलुपाची कल्पना सुचली, असें सांगतात. मेरवानजी कामा यांच्याकडून कर्ज घेऊन १८९७ सालीं लालबागेंत त्यांनीं कारखाना घातला. विलायती कुलुपाच्या तोडीचें कुलूप येथें होऊं शकतें, ही गोष्ट त्या काळीं सिद्ध करून दाखवावी लागे. ती त्यांनीं दाखविली.

एवढें झाल्यावर फटफटीकडे येतों. जर्मनींत कानश्टाट येथें गॉटलीब डायम्लर व विल्हेल्म मायबाख यांनीं १८८५ सालीं लांकडी सांगाड्याला पेट्रोलचें इंजिन बसवून पहिली दुचाकी चालविली. १८९४ पासून म्यूनिकमध्यें अशा गाड्या विक्रीसाठीं होऊं लागल्या. या नव्या वाहनानें घरधन्यापुढें एक नवाच प्रश्न टाकला. पूर्वींचें वाहन म्हणजे घोडा. तो परक्या माणसाला सहज पाठीवर घेत नाहीं. खिंकाळतो, लाथ मारतो. बैलसुद्धां धनी ओळखतो. ही फटफटी मात्र कोणालाही ओळखीत नाहीं. जो किक मारील त्याची ती. आरंभींच्या पुष्कळ गाड्यांना किल्लीच नव्हती. मॅग्नेटो नांवाचें यंत्र इंजिनाच्या गतीबरोबर स्वतःच ठिणगी उत्पन्न करी. त्यामुळें बॅटरी नको आणि तिची चावीही नको. पुढें बॅटरीबरोबर चावी आली, मग हँडल एका बाजूस वळवून अडकविणारें कुलूप आलें. परंतु चावीचें काम म्हणजे विजेच्या दोन तारा जोडणें, आणि तें काम तारेचा एक तुकडाही करूं शकतो. हँडलचें कुलूपही हिसका देऊन मोडतां येतें. आतांच्या भारी गाड्यांच्या किल्लींत इलेक्ट्रॉनिक चकती असते. ती ओळखल्यावांचून इंजिन चालूच होत नाहीं. तरीसुद्धां दीड-दोनशें किलोची वस्तु तीन-चार माणसें मिळून टेंपोंत उचलून ठेवूं शकतात. तेव्हां इंजिन चालूं होण्याची वाट कोण पाहतो?

माझ्या लहानपणीं आमच्या आळींत एकच मोटारसायकल होती. मद्रासेस १९५५ पासून एन्फील्डची बुलेट होऊं लागली होती, १९६० नंतर म्हैसुरास जावा व उत्तरेंत राजदूत निघाली. पण त्या घेणारे थोडे. स्कूटरसाठीं तर १९७० नंतरच्या दशकांत नांव नोंदवून वर्षानुवर्षें थांबावें लागे. तेव्हां आळींत उभी असलेली गाडी कोणाची, तिचा आवाज कसा, हें पोराटोरांनाही ठाऊक असे. परका मनुष्य तिच्यावर बसला असता तर दहा खिडक्यांतून दहा जणांनीं हटकलें असतें. सारी आळी हेंच त्या गाडीचें कुलूप होतें. १९८५ च्या सुमारास जपानी सहकार्यानें हलक्या, थोड्या पेट्रोलांत चालणाऱ्या गाड्या आल्या आणि दुचाकी घरोघर झाली. एकसारख्या शेंकडों गाड्यांत आपली कोणती हें आपल्यालाच ओळखूं येईना. सोय वाढली, आणि आळीचें तें कुलूप निघालें.

आतां कोणी म्हणेल, मग उत्तमांत उत्तम कुलूप घ्यावें म्हणजे झालें. त्याला उत्तर म्हणून २००४ सालची एक गोष्ट सांगतों. सायकली व मोटारसायकली बांधण्यासाठीं अमेरिकेंत एका नामांकित कंपनीचें नालाच्या आकाराचें कुलूप फार विकलें जाई. त्याची किल्ली नळीसारखी गोल. त्या वर्षीं एका सायकलस्वारानें दाखवून दिलें कीं, स्वस्त बॉलपेनची पोकळ प्लॅस्टिकची नळी भोंकांत दाबून फिरविली कीं हें कुलूप उघडतें. कंपनीला लोकांचीं कुलुपें परत घेऊन नवीं द्यावीं लागलीं. पिकॅडिलीच्या खिडकींतील गोष्ट दीडशें वर्षांनीं पुन्हा घडली, आणि या खेपेस हत्यार शाळेंतल्या मुलाच्या दप्तरांतलें होतें.

तेव्हां इतिहासाचा निष्कर्ष असा कीं, न उघडणारें कुलूप झालेलें नाहीं. कुलूप वेळ विकत घेतें, एवढेंच. अमेरिकेंतील परीक्षणसंस्था तिजोऱ्यांची प्रत ठरवितात तीही मिनिटांतच: अमुक हत्यारांपुढें ही पंधरा मिनिटें टिकेल, ती तीस. ब्रामाच्या कुलुपानें हॉब्जला एकावन्न तास बसविलें. कोणता चोर आपल्या गोठ्यांत एकावन्न तास बसेल? चोराला हवा असतो थोडा वेळ, थोडा अंधार आणि शांतता. या तीन गोष्टी त्याला मिळूं न देणें हेंच घरधन्याचें काम.

ज्यांच्या घरीं दुचाकी आहे त्यांनीं हें काम असें करावें. प्रथम कुलूप सोडून त्याच्या आजूबाजूस पाहावें. कोयंडा आणि बिजागऱ्या आंखूड स्क्रूंवर ठेवूं नयेत. आरपार बोल्ट घालून आंतून नट आवळावे, आणि बाहेरचें डोकें गोल असावें, म्हणजे पान्याला पकड मिळत नाहीं. दुसरें, दाराच्या भरंवशावर न राहतां गाडीला वेगळें बांधावें. जमिनींत काँक्रीट करून लोखंडी कडी पुरावी आणि कठीण पोलादाची जाड साखळी गाडीच्या सांगाड्यांतून किंवा मागच्या चाकांतून घेऊन त्या कडीला अडकवावी. पुढच्या चाकाला बांधूं नये. तें काढून ठेवून बाकीची गाडी नेतां येते. साखळी जमिनीवर लोळूं देऊं नये, कारण फरशीवर टेकलेल्या कडीवर हातोडा मारतां येतो, आणि मोठ्या कात्रीची एक दांडी जमिनीला लावून दुसरीवर सर्व भार देतां येतो. अधांतरी, आखूड बांधलेल्या साखळीपाशीं हीं दोन्ही कामें कठीण जातात. आतां बॅटरीवर फिरणारें कापयंत्र आलें आहे, त्यापुढें कोणतीच साखळी फार वेळ टिकत नाहीं. पण तें गर्जना करतें, आणि चोराला गर्जना नको असते. तिसरें, गॅरेजांत हातोडी, पहार, पाने उघडे ठेवूं नयेत. चोराचीं निम्मीं हत्यारें घरधनीच पुरवितो. चौथें, गाडीच्या दोन्ही किल्ल्या निरनिराळ्या जागीं जपाव्या. गाडी गेल्यावर विमा कंपन्या त्या दोन्ही मागतात. इंजिन व चासी यांचे क्रमांक लिहून ठेवावे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना सुरक्षित नंबरपाटी सक्तीची झाली हें चांगलेंच. पण सुट्या भागांवर पाटी नसते.

कायद्यानेंही घराची मर्यादा निराळी मानिली आहे. १८६० च्या दंडसंहितेंत साध्या चोरीला तीन वर्षेंपर्यंत शिक्षा होती, तर राहत्या घरांतील किंवा माल ठेवण्याच्या इमारतींतील चोरीला सात वर्षेंपर्यंत. १ जुलै २०२४ पासून लागूं झालेल्या न्यायसंहितेंतही हा भेद कायम आहे. घरांतून वस्तु गेली म्हणजे वस्तूबरोबर आणखीही कांहीं जातें, हें कायदा करणारांना ठाऊक होतें.

तें आणखी कांहीं काय, हें सांगून पुरें करतों.

आमची गाडी गेली त्या दिवशीं पंचनामा झाला आणि मला नेहमींचा प्रश्न विचारण्यांत आला: तुमचा कोणावर संशय? त्या वेळीं माझ्या हातांत तें बंद कुलूप होतें, आणि ते आंखूड स्क्रू माझ्या पायांपाशीं पडलेले होते. ते मींच बसविले होते. शेजारचे लोक जमलेले, पुतण्या रडकुंडीस आलेला. माझी चूक मला बोलवेना. शेजारच्या एका विधवेचा मुलगा दर रविवारीं गाडी धुवावयास येई. गॅरेजची रचना त्याला ठाऊक होती. मीं त्याचें नांव सांगितलें. तो माझ्याच वर्गांत चार वर्षें बसलेला होता.

त्याला दोनदां बोलावणें झालें. कोणी मारहाण केली नाहीं, पण आळींत जी कुजबुज व्हावयाची ती झाली. ज्या दुकानांत तो काम करी तेथून त्याला काढलें, आणि तो मामाकडे परगांवीं निघून गेला. चार महिन्यांनीं दुसऱ्या जिल्ह्यांत चोरांची एक टोळी सांपडली. तिच्यापाशीं आमच्या गाडीचा सांगाडा निघाला. मुलाचा त्या लोकांशीं कसलाही संबंध नव्हता.

मीं त्याच्या घरीं गेलों. त्याच्या आईनें मला बसावयास दिलें, चहा केला. मीं क्षमा मागितली. बराच वेळ ती कांहीं बोलली नाहीं. मग एवढेंच म्हणाली, "गुरुजी, तुम्ही त्याला शिकवलं होतं ना?" या प्रश्नाला मजपाशीं उत्तर नव्हतें, आजही नाहीं.

हॉब्जच्या त्या वादाकडे मीं पुन्हा पुन्हा वळतों याचें कारण हें. कुलुपाचें व्यंग झांकून ठेवल्यानें चोराचें कांहींच बिघडत नाहीं, त्याचा भार निरपराध माणसावर पडतो, असें तो सांगत होता. त्या सकाळीं मीं नेमकें तेंच केलें. स्क्रू आंखूड होते एवढें एक वाक्य मीं बोललों असतों, तर चोर कसा आला हें सर्वांना कळलें असतें, आणि कोणा मुलाकडे बोट दाखविण्याची आवश्यकता उरली नसती.

तेव्हां आज घरीं गेल्यावर आपलें कुलूप एकदां पाहा आणि मग त्याच्या बाजूचा कोयंडा पाहा. तो कच्चा असेल तर घरांतल्या सर्वांना तसें मोकळेपणें सांगा आणि पक्का करून घ्या. माझ्या मेजावरचें कुलूप मात्र मीं कोठेंही लावलेलें नाहीं. तें अजून बंद आहे, आणि त्याची किल्ली माझ्यापाशीं आहे.